यष्टींमागचा माणूस पुढे काय करतो?

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत असतो. त्याच्या शेजारचे गृहस्थ पूर्वी व्यावसायिक बेसबॉल खेळत आणि आता एका संघाच्या व्यवस्थापनात आहेत. त्यांची नोकरी नेमकी कसली, हे मुलाला नीट सांगता येईना. मला आपल्या बडोद्याचे यष्टिरक्षक किरण मोरे आठवले. खेळ सोडल्यावर त्यांनी निवड समिती, अकादमी, मुंबई इंडियन्स, अमेरिकेचं क्रिकेट अशी किती तरी कामं केली. ही सगळी कामं एकच का? आणि चांगला खेळाडू चांगला व्यवस्थापक होतोच का?
– एक वाचक, वडोदरा

उत्तर : तुमच्या पत्रात दोन शंका एकमेकींत गुंतल्या आहेत. खेळाचं व्यवस्थापन म्हणजे नेमकं कोणतं काम, ही पहिली. मैदानावर कमावलेलं त्या कामात किती उपयोगी पडतं, ही दुसरी. पहिली सुटली की दुसरी निम्मी सुटते, म्हणून क्रम तोच ठेवू.

बेसबॉलमध्ये ‘मॅनेजर’ आणि ‘जनरल मॅनेजर’ ही दोन वेगळी माणसं असतात आणि घोटाळा इथूनच सुरू होतो. मॅनेजर खेळाडूंसारखाच गणवेश घालून मैदानाच्या कडेला, डगआऊटमध्ये बसतो. फलंदाजीचा क्रम काय, चेंडू फेकणारा पिचर थकला आहे का, त्याला कधी बदलायचं, हे तो ठरवतो. म्हणजे आपल्याकडे जे निर्णय कर्णधार मैदानात उभा राहून घेतो, त्यातले बरेचसे तिथे हा मॅनेजर बाहेर बसून घेतो. जनरल मॅनेजर मात्र कार्यालयातला. कोणाशी करार करायचा, किती पैसे मोजायचे, कोणाला दुसऱ्या संघाकडे देऊन बदल्यात कोणाला आणायचं, नवी मुलं हेरायला माणसं कुठे पाठवायची, हा त्याचा कारभार. तुमच्या मुलाने शेजाऱ्यांना एवढंच विचारावं, की आपण डगआऊटमध्ये बसता की कार्यालयात? उत्तरावरून नोकरीचा अंदाज येईल.

भारतीय क्रिकेटमधला मॅनेजर या दोघांहून निराळा आणि त्याचं ठळक उदाहरण बडोद्याचंच आहे. १९५९ साली भारतीय संघ इंग्लंडला गेला तेव्हा मॅनेजर होते महाराजा फत्तेसिंहराव गायकवाड आणि कर्णधार होते दत्ताजीराव गायकवाड. दोघेही बडोद्याचे. फत्तेसिंहराव नुसते नावाचे क्रिकेटप्रेमी नव्हते. ते बडोद्याकडून रणजी खेळले होते आणि प्रथम श्रेणीचे २८ सामने त्यांच्या नावावर आहेत. पण दौऱ्यावरच्या मॅनेजरकडे त्या काळी प्रवास, मुक्काम, खर्च, शिस्त आणि क्रिकेट नियामक मंडळाशी संपर्क ही कामं असत. फलंदाजाचा पाय चुकीचा पडतो आहे हे सांगणं त्याच्या कामात बसत नसे. त्या दौऱ्यात भारत पाचही कसोट्या हरला. तरीही फत्तेसिंहरावांचा व्यवस्थापनातला अनुभव वाया गेला नाही. १९६३ ते १९६६ ते नियामक मंडळाचे अध्यक्ष होते. पुढे १९७८-७९ आणि १९८२-८३ च्या पाकिस्तान दौऱ्यांवरही मॅनेजर म्हणून तेच गेले.

या पदाचं रूप हळूहळू पालटलं. १९७१ मध्ये इंग्लंडला मालिका जिंकून आलेल्या संघाचे मॅनेजर होते हेमू अधिकारी, आधी बडोद्याचे आणि मग सेनादलाचे खेळाडू. संघाबरोबर वेगळा प्रशिक्षक नसायचा, त्यामुळे क्षेत्ररक्षणाची कवायतही मॅनेजर म्हणून तेच करून घेत. नव्वदच्या दशकाच्या आरंभी बिशनसिंग बेदी आणि मग अजित वाडेकर ‘क्रिकेट मॅनेजर’ झाले, म्हणजे प्रवासाची व्यवस्था दुसऱ्याकडे आणि खेळ यांच्याकडे. त्यानंतर सरळ ‘प्रशिक्षक’ हेच पद आलं. १९९७ मध्ये त्या जागी बसले दत्ताजीरावांचे चिरंजीव अंशुमान गायकवाड. वडील कर्णधार असताना जे पद अस्तित्वातच नव्हतं, ते मुलाच्या वाट्याला आलं.

आता बडोद्यातली आणखी एक व्यक्ती. जयवंत लेले १९९६ ते २००१ नियामक मंडळाचे सचिव होते. ते कसोटी खेळले नव्हते. पंच आणि संघटक म्हणून पुढे आले होते. सचिवाच्या टेबलावर दौऱ्यांची वेळापत्रकं, संलग्न संघटनांची भांडणं, निवड समितीच्या बैठका आणि परदेशी मंडळांची पत्रं येतात. या कामाला कव्हर ड्राइव्ह येण्याची गरज नाही. नियम तोंडपाठ असण्याची आणि माणसं सांभाळण्याची गरज आहे. तेव्हा तुमच्या पहिल्या शंकेचं उत्तर स्पष्ट आहे. ही कामं एक नाहीत. दौऱ्याचा मॅनेजर, प्रशिक्षक, निवडकर्ता, खेळाडू हेरणारा स्काऊट आणि संघटनेचा पदाधिकारी, प्रत्येकाची कसोटी वेगळी आहे. आपण सगळ्यांना मिळून ‘क्रिकेटमध्येच आहेत अजून’ म्हणतो, म्हणून ती एक वाटतात.

मग एकच माणूस इतकी कामं का करतो? कारण पोटापाण्याचं आहे आणि ते समजून घेतल्याशिवाय किरण मोरेंचा प्रवास कळणार नाही. एक जुनं उदाहरण घ्या. फलंदाज विजय हजारे सांगलीचे. बडोद्याला आले ते महाराजांच्या आश्रयामुळे; संस्थानात त्यांची महाराजांचे एडीसी (परिसहायक) म्हणून नेमणूक होती. १९४७ च्या मार्चमध्ये होळकर संघाविरुद्धच्या रणजी अंतिम सामन्यात त्यांनी गुल महंमदबरोबर चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागी केली. कोणत्याही गड्यासाठीचा हा प्रथम श्रेणीतला विक्रम २००६ पर्यंत टिकला. असा फलंदाजही नुसत्या क्रिकेटवर जगू शकत नव्हता. संस्थानं गेली आणि आश्रयाची जागा कंपन्यांच्या व बँकांच्या नोकऱ्यांनी घेतली. अंशुमान गायकवाड बडोद्याच्याच जीएसएफसी या खत कारखान्यात नोकरीला होते. खेळाडू पगार कंपनीकडून घेई आणि संघटनेचं काम करी ते मानद म्हणून.

मानद हा शब्द इथे शब्दशः घ्या. किरण मोरे राष्ट्रीय निवड समितीत होते तेव्हा या कामाला पगार नव्हता. देशाचा संघ निवडणारी माणसं वर्षभर गावोगावचे सामने बघत फिरत, शिव्या खात आणि घरखर्चासाठी दुसरं काही तरी करत. निवडकर्त्यांना पगार सुरू झाला २००८ मध्ये. आयपीएलही त्याच वर्षीची. त्यानंतरच आपल्याकडे निवृत्त खेळाडूला व्यवस्थापन ही सरळ नोकरी म्हणून मिळू लागली. बेसबॉलमध्ये ही व्यवस्था शंभर वर्षांहून जुनी आहे. तिथला सेवानिवृत्त खेळाडू एका ठरलेल्या वाटेला लागतो. आपल्या खेळाडूंना ती वाट स्वतः तुडवून तयार करावी लागली.

आता मोरेंकडे वळू. जन्म १९६२, बडोदा. १९८२-८३ मध्ये सय्यद किरमाणींचे राखीव यष्टिरक्षक म्हणून ते वेस्ट इंडीजला गेले, पण कसोटी मिळाली नाही. ती मिळाली १९८६ मध्ये, थेट लॉर्ड्सवर. त्या मालिकेतल्या तीन कसोट्यांत त्यांनी १६ झेल घेतले आणि भारत मालिका २-० ने जिंकला. १९९३ पर्यंत ४९ कसोट्या आणि ९४ एकदिवसीय सामने झाले. त्यांच्यानंतर ग्लोव्हज गेले नयन मोंगियाकडे, तेही बडोद्याचेच.

अनेकांना मोरे आठवतात ते १९९२ च्या विश्वचषकातल्या सिडनीच्या सामन्यामुळे, जावेद मियांदादने त्यांची नक्कल करत मारलेल्या उड्यांमुळे. मला हे थोडं अन्यायाचं वाटतं. त्यांची खरी ओळख जानेवारी १९८८ ची मद्रास कसोटी आहे. नरेंद्र हिरवाणीने पदार्पणात वेस्ट इंडीजचे १६ बळी घेतले, हे सगळे सांगतात. त्या कसोटीत मोरेंनी सहा फलंदाज यष्टिचीत केले, त्यातले पाच एकाच डावात, हे फार थोडे सांगतात. दोन्ही कसोटी विक्रम आहेत.

यष्टिचीत करणं म्हणजे काय, हे बघा. फलंदाज पुढे सरसावणार हे यष्टिरक्षकाला फलंदाजाच्या आधी कळावं लागतं. गोलंदाजाच्या मनगटावरून चेंडू कुठे वळणार, फलंदाजाचा मागचा पाय उचलला जातो आहे का, तो चिडला आहे की घाबरला आहे, हे सगळं क्षणार्धात वाचायचं. शिवाय हे काम दर चेंडूला. स्लिपमधला खेळाडू घटकाभर बेसावध राहू शकतो, यष्टिरक्षकाला ती मुभा नाही. कसोटीत दिवसाकाठी नव्वद षटकं धरली तरी ५४० वेळा तो दुसऱ्या माणसाच्या तंत्राचं निरीक्षण करत असतो. अशी वर्षं गेली की माणसाची नजर तयार होते आणि निवडकर्त्याला नेमकी तीच लागते.

बेसबॉलमध्ये हीच जागा कॅचरची. क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघात सगळ्या मैदानाकडे तोंड करून बसणारा तो एकटाच. कोणता चेंडू टाकायचा याची खूण पिचरला तोच करतो. म्हणून मॅनेजर झालेल्या माजी खेळाडूंत कॅचर भरपूर सापडतात. कॉनी मॅक या जुन्या कॅचरने फिलाडेल्फिया अ‍ॅथलेटिक्स संघ १९०१ पासून १९५० पर्यंत, सलग पन्नास हंगाम सांभाळला. अलीकडचे जो टोरे, ब्रूस बोची हेही कॅचरच. आपल्याकडे मोरेंच्या आधी निवड समितीचे अध्यक्ष होते किरमाणी. म्हणजे ग्लोव्हज ज्यांच्याकडून मिळाले, त्यांच्याकडूनच पुढे ही खुर्चीही मिळाली. ऑस्ट्रेलियातही रॉड मार्श हा यष्टिरक्षक आधी अकादमीचा प्रमुख आणि मग निवड समितीचा अध्यक्ष झाला.

ही नजर प्रत्यक्षात कशी चालते त्याचं उदाहरण महेंद्रसिंह धोनीचं. २००३ च्या विश्वचषकात राहुल द्रविड यष्टिरक्षण करत होता. संघाला जादा फलंदाज मिळावा म्हणून केलेली ती तडजोड होती. मोरे निवड समितीत आले तेव्हा त्यांना खालच्या क्रमांकावर झटपट धावा काढणारा यष्टिरक्षक हवा होता. २००४ च्या दुलीप करंडकाच्या अंतिम सामन्यात पूर्व विभागाकडून दीप दासगुप्ताऐवजी धोनीला यष्टिरक्षण करू द्यावं म्हणून सौरव गांगुलीची मनधरणी करावी लागली, असं मोरेंनी पुढे मुलाखतीत सांगितलं आहे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये धोनी बांगलादेशात पहिला एकदिवसीय सामना खेळला आणि शून्यावर धावचीत झाला. नुसता धावफलक बघणाऱ्याने त्याला पुन्हा घेतलं नसतं. त्याचे हात आणि बॅटचा वेग ज्याने पाहिला होता, त्याने घेतलं.

पण निवडकर्त्याच्या कामाची दुसरी बाजूही आहे आणि ती कोणी आनंदाने करत नाही. मोरे अध्यक्ष असताना २००५ मध्ये गांगुलीचं कर्णधारपद गेलं, डिसेंबरात संघातली जागाही गेली. प्रशिक्षक ग्रेग चॅपेल आणि गांगुली यांचा वाद तेव्हा देशभर गाजत होता. त्या निर्णयाबद्दल मतं आजही वेगवेगळी आहेत. गांगुलीने नंतर संघात पुनरागमन केलं आणि २०१९ मध्ये तो नियामक मंडळाचा अध्यक्ष झाला. निवडकर्त्याला आपल्याच बरोबरीच्या, आपल्याहून मोठ्या नावाच्या खेळाडूला बाहेर बसवावं लागतं. त्यासाठी लागणारी हिंमत नजरेहून वेगळी आहे आणि ती ग्लोव्हज घालून शिकता येत नाही.

२००६ मध्ये समितीची धुरा दिलीप वेंगसरकरांकडे गेली. पुढच्या वर्षी मोरे इंडियन क्रिकेट लीगमध्ये गेले. ती लीग नियामक मंडळाला अमान्य होती, त्यामुळे तिच्याशी जोडलेल्या सगळ्यांशी मंडळाने फारकत घेतली. कपिल देवही त्यात होते. पुढे दुरावा मिटला आणि मोरे मुंबई इंडियन्सच्या व्यवस्थेत यष्टिरक्षण प्रशिक्षण आणि खेळाडू हेरण्याच्या कामात आले.

त्यांची बडोद्यातली अकादमी मला या सगळ्याहून महत्त्वाची वाटते. हिमांशू पंड्या आपल्या दोन मुलांना तिथे शिकता यावं म्हणून सुरतेतलं बस्तान हलवून बडोद्याला आले. थोरला कृणाल, धाकटा हार्दिक. हार्दिकची तीन वर्षांची फी मोरेंनी माफ केली होती. २०१५ मध्ये मुंबई इंडियन्सने हार्दिकला १० लाखांच्या मूळ किमतीला घेतलं. ते श्रेय बहुतेक वेळा संघासाठी खेळाडू हेरणाऱ्या जॉन राइट यांना दिलं जातं आणि ते योग्यच आहे. देशांतर्गत टी-२० सामन्यांत त्याला हेरलं राइट यांनी. पण स्काऊटला काही दिसावं यासाठी आधी कोणी तरी ते वाढू द्यावं लागतं. अठरा वर्षांचा होईपर्यंत हार्दिक लेगस्पिन टाकत होता. बडोद्याचे प्रशिक्षक सनथ कुमार यांनी त्याला वेगवान गोलंदाजीकडे वळवलं. एका खेळाडूमागे असे तीन-चार माणसांचे निर्णय असतात आणि त्यातले बहुतेक माजी खेळाडूंचे असतात.

अमेरिकेचं राहिलं. २०१९ मध्ये अमेरिकेच्या संघाला एकदिवसीय सामन्यांचा दर्जा मिळाला आणि त्याच वर्षी तिथल्या संघटनेने क्रिकेटविषयक कारभारासाठी मोरेंना बोलावलं. त्या देशात इतरत्र क्रिकेट शिकून आलेले खेळाडू पुष्कळ होते, मैदानं आणि रचना मात्र अपुरी. मुंबईकडून रणजी खेळून कॉर्नेल विद्यापीठात शिकायला गेलेला सौरभ नेत्रावळकर अशांपैकीच एक. जून २०२४ मध्ये टी-२० विश्वचषकात अमेरिकेने पाकिस्तानला सुपर ओव्हरमध्ये हरवलं तेव्हा ते षटक त्यानेच टाकलं. तो विजय मोरेंच्या कार्यकाळानंतरचा, तेव्हा त्याचं श्रेय त्यांना देणं बरोबर नाही. पण तुमच्या पत्राशी त्याचा एक संबंध आहे. तो सामना झाला ते डॅलसजवळचं ग्रँड प्रेअरीचं मैदान मुळात बेसबॉलसाठी बांधलेलं होतं. नंतर ते क्रिकेटसाठी बदलून घेतलं.

आता दुसरी शंका. चांगला खेळाडू चांगला व्यवस्थापक होतोच का? नाही. आणि सामान्य खेळाडू चांगला व्यवस्थापक होत नाही, हाही तितकाच चुकीचा समज आहे.

ब्रँच रिकी हा बेसबॉलमधला कॅचर. १९०७ मध्ये एकाच सामन्यात प्रतिस्पर्ध्यांनी त्याच्या डोळ्यांदेखत १३ वेळा पुढचा तळ चोरला. आपल्या भाषेत, यष्टिरक्षकाने एका डावात डझनभर बाईज द्यावेत तसं. त्याची खेळाडू म्हणून कारकीर्द तिथेच जवळजवळ आटोपली. याच रिकीने पुढे होतकरू मुलांना छोट्या संघांत वाढवून मोठ्या संघात आणण्याची पद्धत रुजवली आणि ब्रुकलिन डॉजर्सचा प्रमुख असताना जॅकी रॉबिन्सनला करारबद्ध केलं. १९४७ च्या एप्रिलमध्ये रॉबिन्सन मैदानात उतरला आणि त्या काळच्या मेजर लीगमध्ये काळ्या खेळाडूंना बंद असलेलं दार उघडलं. त्याच वर्षी रिकीने आकडेवारीसाठी पूर्णवेळ माणूस नेमला. बिली बीनची गोष्टही अशीच. १९८० मध्ये मोठ्या अपेक्षेने निवडलेला हा खेळाडू मैदानावर चमकला नाही. १९९० मध्ये त्याने खेळ सोडून स्काऊटचं काम मागून घेतलं आणि १९९७ मध्ये ओकलंड अ‍ॅथलेटिक्सचा जनरल मॅनेजर झाला. अपुऱ्या पैशांत संघ उभा करण्याच्या त्याच्या पद्धतीवर पुस्तक निघालं, सिनेमा निघाला. ज्याची स्वतःची निवड नुसत्या दिसण्यावरून झाली होती, त्याने पुढे दिसण्यापेक्षा आकड्यांवर भर दिला, यात मला मोठी संगती दिसते.

आपल्याकडे अंशुमान गायकवाडांचं उदाहरण घ्या. १९७६ मध्ये किंग्स्टनला मायकेल होल्डिंगचा चेंडू कानावर बसेपर्यंत ते ८१ धावांवर उभे होते. १९८३ मध्ये जालंधरला पाकिस्तानविरुद्ध त्यांनी २०१ धावा केल्या त्या ६७१ मिनिटं खेळून. असा सोशिक फलंदाज प्रशिक्षक असताना १९९८ मध्ये सचिन तेंडुलकरने शारजात दोन वादळी शतकं ठोकली आणि १९९९ मध्ये कोटलावर अनिल कुंबळेने डावात दहा बळी घेतले. शिष्याला आपल्यासारखं करायचा हट्ट न धरणं हा प्रशिक्षकाचा मोठा गुण आणि तो त्यांच्यात होता. २०१९ मध्ये खेळाडूंचे प्रतिनिधी म्हणून ते मंडळाच्या सर्वोच्च परिषदेवर निवडून गेले. माजी खेळाडूंना कारभारात हक्काची जागा मिळाली ती लोढा समितीने मंडळासाठी सुचवलेल्या सुधारणांमुळे. जुलै २०२४ मध्ये कर्करोगाने बडोद्यातच त्यांचं निधन झालं.

शेवटी, तुमच्या ओळखीत कोणी तरुण खेळाडू या वाटेचा विचार करत असेल तर व्यावहारिक माहिती. राष्ट्रीय निवडकर्ता होण्यासाठी सध्या किमान सात कसोट्या, किंवा प्रथम श्रेणीचे तीस सामने, किंवा दहा एकदिवसीय आणि प्रथम श्रेणीचे वीस सामने खेळलेले असावे लागतात. निवृत्तीला पाच वर्षं झालेली असावी लागतात. प्रशिक्षक व्हायचं तर मंडळाच्या लेव्हल एक, दोन, तीन अशा परीक्षा आहेत. आयपीएलच्या संघांत स्काऊट, विश्लेषक, संघव्यवस्थापक अशा जागा असतात, तिथे कसोटी खेळल्याची अट नसते. श्रीरामपूरचा झहीर खान बडोद्याकडून रणजी खेळत मोठा झाला आणि खेळ थांबवल्यावर मुंबई इंडियन्सचा क्रिकेट संचालक झाला. आंतरराष्ट्रीय पातळी न गाठलेल्यांनी लेल्यांची वाट धरावी, पंचांची परीक्षा द्यावी, संघटनेत काम करावं. मात्र खेळत असताना शिक्षण सोडू नकोस, असं त्या तरुणाला नक्की सांगा. मोरेंची शेवटची कसोटी झाली तेव्हा त्यांचं वय होतं अवघं तीस.